मदत हवी आहे: कोलोरॅडोत एल्कची शिकार, सरकारी जमीन दिसते पण आत जायला वाट नाही

घाटमाथा:

मंडळी,

ट्राउट पकडण्यावर, कॅम्पिंगवर इथे भरपूर वाचलं, एल्कवर (सांबरासारखं मोठं हरीण) मात्र कुणी काही लिहिलेलं दिसलं नाही. शिकार करावी की करू नये यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. इथे फक्त जागेबद्दल विचारायचंय.

मी फोर्ट कॉलिन्सला राहतो. ग्रीन कार्ड आहे, राज्यात सहा महिन्यांहून जास्त झाल्यामुळे रहिवाशांच्या दराने टॅग, म्हणजे एका एल्कचा शिकार-परवाना, मिळतो. हंटर एज्युकेशनचं कार्डही हातात आहे. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर हरणांना जाऊन आलोय, पण तिथली जमीन त्याच्या सासऱ्यांच्या ओळखीतली होती, त्यामुळे जायचं कुठे हा प्रश्न कधी पडलाच नाही. तो आता ओरेगनला गेला आणि मी एकटाच नकाशा उघडून बसलोय.

बेत असा आहे: ऑक्टोबरच्या शेवटचा दुसरा रायफल सीझन, मादीचा टॅग, क्रेग-हेडनच्या उत्तरेकडचा भाग. शिंगं भिंतीवर टांगायची हौस नाही, फ्रीझर भरायचाय. अडचण एवढीच की तिथे एल्क भरपूर आणि जमीन बहुतेक खासगी. ऑनएक्स या नकाशाच्या अॅपवर बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याची, पिवळी ठिगळं दिसतात, पण त्यातली निम्मी पांढऱ्या रंगाने, म्हणजे खासगी जमिनीने, वेढलेली. एक तुकडा तर अगदी डोळ्यात भरलाय. मधून ओढा, उत्तर उतारावर अॅस्पेनची राई, खाली रँचरची, म्हणजे गुरं पाळणाऱ्या जमीनमालकाची, गवताची कुरणं. चारही बाजूंनी पांढरं. फक्त एका कोपऱ्यात तो दुसऱ्या पिवळ्या तुकड्याला टेकतो, आणि त्या दुसऱ्याला काउंटी रोड लागतो.

तर प्रश्न:

१. त्या कोपऱ्यावरून ओलांडून गेलं तर चालतं का? कुणी म्हणतं कोर्टाने परवानगी दिली, कुणी म्हणतं शेरीफ दंड करेल.

२. जवळच निळे चौकोन आहेत, म्हणजे राज्य सरकारची जमीन. तिथे थेट जाता येतं ना?

३. रँचरच्या दारावर जाऊन विचारायचं तर कसं? माझा रंग, माझं नाव, उच्चार... खोटं कशाला बोलू, अनोळखी फाटकातून आत गाडी घालताना पोटात गोळा येतो.

४. मेहुणा डॅलसला असतो, एच-वन-बीवर. त्यालाही यायचंय. त्याने बंदूक हातात घेतलेली चालते का?

कोलोरॅडोकर:

जागेचं नंतर बोलू, आधी अर्जाचा कोड नीट बघा. प्राणी, नर की मादी, युनिट (शिकारीचा विभाग), सीझन, हत्यार असा तो कोड असतो. त्यात सीझनच्या जागी ओ असेल तर ठीक. पी असेल तर तो टॅग फक्त खासगी जमिनीवर चालतो. हे पी-वाले टॅग ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, पटकन लागतात. नवा माणूस खूश होतो, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला कळतं की आपल्या टॅगवर सरकारी जमिनीत शिकारच करता येत नाही. तुमच्या भागात खासगी जमीन जास्त, म्हणून असे टॅगही जास्त. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, आणि अर्जाआधी एक पात्रता-लायसन विकत घ्यावं लागतं. स्मॉल गेमचं घ्या, ससे मारता येतील.

दुसरा प्रश्न: निळे चौकोन. नाही, थेट जाता येत नाही. वायोमिंग-माँटानाची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. कोलोरॅडोत स्टेट ट्रस्टची जमीन ही शाळांना उत्पन्न मिळावं म्हणून भाड्याने दिलेली असते, आणि जो तुकडा पब्लिक अॅक्सेस प्रोग्रॅममध्ये घेतलाय तेवढाच शिकारीला खुला. कुठला खुला, कुठल्या तारखांना, गाडी कुठवर न्यायची, हे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या पुस्तिकेत तुकड्यागणिक दिलेलं असतं. ऑनएक्सवरचा रंग बघून जाऊ नका.

तसंच रस्त्यांचं. नकाशावर रेघ दिसली म्हणजे रस्ता सार्वजनिक असं मुळीच नाही. काउंटी रोडला नंबर असतो, तो सार्वजनिक, दोन्ही बाजूंना खासगी कुंपण असलं तरी. पण त्यातून फुटलेली कच्ची वाट रँचरची स्वतःची असू शकते. क्रेगमध्ये बीएलएमचं लिटल स्नेक फील्ड ऑफिस आहे, तिथे फोन करून सेक्शन नंबर सांगा आणि 'या तुकड्याला लीगल अॅक्सेस आहे का' एवढंच विचारा. नीट सांगतात. त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्यालाही फोन करा, पण सीझनच्या तोंडावर नको. जून-जुलैत त्याला बोलायला वेळ असतो, आणि कुठल्या रँचवर एल्क गवताच्या गंजी फस्त करतायत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मोठ्या शिंगांचा नर मागायला गेलात तर रँचर गाइडचे दर सांगेल, हजारांत. मादी मागितलीत तर त्याच्या डोक्यातलं गणित वेगळं असतं, कारण हिवाळ्यात त्याची गंजी खाणारा कळप माद्यांचाच असतो. काउंटीच्या अॅसेसरच्या साइटवर मालकाचं नाव सापडतं, आपल्या सातबाऱ्यासारखंच, फक्त तलाठ्याला चहा पाजावा लागत नाही. गवत कापायच्या दिवसांत दुपारी जाऊ नका, माणूस ट्रॅक्टरवर असतो आणि पावसाच्या आधी गवत उचलायची घाई असते. संध्याकाळी जा, साध्या कपड्यात, बायको-मुलांना घेऊन गेलात तर उत्तम. कॅमो घालून चौघे जण पिकअपमधून उतरले की नकार ठरलेला. नाव-फोन लिहिलेला कागद द्या, आणि 'कुंपणाचं काम असेल तर एक शनिवार येतो' असं म्हणा, आणि म्हणालात तर जा. रंगाचं म्हणाल तर मला आजवर नकार भरपूर मिळाले, पण माझ्या गोऱ्या मित्रालाही तेवढेच मिळाले. ज्याने होकार दिला त्याने पहिला प्रश्न विचारला तो फाटकाबद्दल.

फाटकाचं खरंच शिकून घ्या. तिकडे बहुतेक फाटकं तारेची असतात: सैल काटेरी तार, शेवटी एक सुटा दांडका, आणि तो खांबाला अडकवायला वर-खाली तारेचे दोन फास. बंद करताना आधी दांडक्याचं खालचं टोक खालच्या फासात घालायचं, मग खांद्याने दांडका खांबाकडे दाबायचा आणि वरचा फास ओढून चढवायचा. उलटं करायला गेलात तर दहा मिनिटं झटापट आणि हात फाटतो. उघडं दिसलं तर उघडं सोडायचं, बंद दिसलं तर बंद करायचं.

अजून एक. रँचिंग फॉर वाइल्डलाइफ नावाची योजना आहे. बारा हजार एकरांहून मोठे रँच त्यात येतात आणि ठरावीक टॅग ड्रॉने सामान्य लोकांना देतात, प्रवेशाचे पैसे नाहीत. फक्त कोलोरॅडोच्या रहिवाशांना. तुम्ही बसता, मेहुणे बसत नाहीत. माद्यांचे टॅग नरांच्या मानाने लवकर लागतात. माझं मत विचाराल तर तुमच्या त्या पिवळ्या तुकड्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुखाचा.

बाराबंदी:

मी वायोमिंगमध्ये लॅरमीला असतो, कोपऱ्याचं प्रकरण आमच्याच राज्यातलं, म्हणून लिहितो.

रेल्वे टाकायला १८६२ च्या कायद्याने युनियन पॅसिफिकला रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौरस मैल दिले गेले, मधले सरकारकडे राहिले. त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा नकाशा म्हणजे बुद्धिबळाचा पट. २०२१ मध्ये मिसूरीचे चार शिकारी एल्क माउंटनला एका कोपऱ्यावर घडीची शिडी लावून एका सरकारी चौकोनातून तिरकस दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरले. खासगी जमिनीला पाय लावला नाही. मालकाचं म्हणणं, हवा माझी. फौजदारी खटल्यात ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं, मालकाने दिवाणी दावा लावला, सत्तर लाखांहून जास्त डॉलर नुकसानभरपाईचा. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला. निकाल उभा आहे १८८५ च्या एका जुन्या कायद्यावर: सरकारी जमीन कुंपणाने वेढून लोकांची वाट अडवायची नाही.

कोलोरॅडो याच सर्किटमध्ये येतं, त्यामुळे तुम्हालाही तो लागू. माँटाना येत नाही, तिथे राज्याचं खातं अजूनही कोपरा ओलांडणं बेकायदाच मानतं. पण लगेच शिडी विकत घेऊ नका. निकाल केंद्र सरकारच्या जमिनीबद्दल आहे, तुमचे निळे चौकोन त्यात धरू नका. शिवाय तुमच्याकडे रेल्वेचा पट नाही. तिकडे आधी येणाऱ्यांनी पाण्याच्या, खोऱ्यातल्या जमिनी घेतल्या, कोरडे डोंगर कुणी घेतले नाहीत ते बीएलएमकडे उरले. म्हणून ठिगळं वेडीवाकडी असतात, आणि नकाशावर टेकलेले दिसणारे कोपरे जागेवर पाच-दहा फुटांनी हुकलेलेही असू शकतात. फोनच्या जीपीएसवर एवढा नेमकेपणा मिळत नाही. जमिनीत सर्व्हेची पितळी टोपी बसवलेली असते, ती सापडली तरच कोपरा समजा. सापडली तरी आधी शेरीफच्या ऑफिसला फोन करून विचारा.

आणि हे लक्षात घ्या की कोपऱ्यावरून रिकाम्या हाताने उडी मारणं वेगळं, पाठीवर तीस किलोची तंगडी घेऊन परत उडी मारणं वेगळं.

घाटमाथा:

बापरे, निळ्या चौकोनाचं कळलं ते बरं झालं. अर्धा बेत त्यावरच होता.

एक उपप्रश्न: गोळी पिवळ्यात घातली आणि एल्क पळत जाऊन पांढऱ्यात पडलं तर?

कोलोरॅडोकर:

तरीही परवानगी लागते, जखमी असो वा मेलेलं. कोलोरॅडोत खासगी जमिनीवर पाटी लावायची मालकाला गरज नसते, कुंपण नसलं तरी शिकारीसाठी विचारल्याशिवाय आत जाणं गुन्हाच. रँचरचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. नाहीच म्हणाला तर वन्यजीव अधिकाऱ्याला बोलवा, पण मालकाचा नकार तो मोडू शकेल असं धरून चालू नका. सगळ्यात सोपं म्हणजे हद्दीजवळ घोडा ओढायचाच नाही. छातीत नीट बसलेली गोळी खाऊनसुद्धा एल्क शंभर-दीडशे यार्ड जातं, आणि जातं ते उताराकडे, म्हणजे तुमच्या नकाशात नेमकं त्या कुरणाकडे.

पहिल्या दोन दिवसांच्या गोळीबारानंतर कळप खासगी जमिनीत जाऊन बसतात, ते त्यांना बरोबर कळतं. पहाटे अंधारात कुरणाकडून डोंगराकडे परतताना ते सरकारी पट्टा ओलांडतात. तो पट्टा कितीही अरुंद असो, तिथे उजाडायच्या आधी बसलेला माणूस जंगलात दहा मैल तंगडतोड करणाऱ्यापेक्षा पुढे असतो.

विदर्भकन्या:

चौथ्या प्रश्नाबद्दल. मी वकील नाही, पण नवऱ्यासाठी हे सगळं वाचून काढलंय. १९९८ पासूनच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. विकत घ्यायलाच नव्हे, बाळगायलासुद्धा. अपवाद आहे तो वैध शिकार-लायसन असलेल्यांना. म्हणजे लायसन आधी, बंदूक नंतर. 'दादा, जरा धर' म्हणून दिलेली रायफलसुद्धा यात येते. लायसनची मुदत संपली की अपवाद संपला. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही. मेहुण्यांच्या पुढच्या इमिग्रेशन अर्जाचा प्रश्न असतो, तेव्हा इमिग्रेशन वकिलाला अर्ध्या तासाची फी देऊन लेखी घ्या. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कचा टॅग रहिवाशापेक्षा कितीतरी पट महाग पडतो, तेही त्यांना सांगून ठेवा, कदाचित उत्साह तिथेच मावळेल.

बंदूक न धरता नुसतं सोबत यायला हरकत नाही. ओझं वाहायला माणूस लागतोच.

भाकरतुकडा:

ओझ्यावरून आठवलं. मादीचंसुद्धा हाडं काढलेलं मांस सत्तर-ऐंशी किलो भरतं. गाडीपासून तीन मैलांवर पाडलंत तर तुमची आणि मेहुण्यांची रात्र गेली. ऑक्टोबरच्या शेवटी दुपारी ऊन चांगलं तापतं, आणि एल्कची कातडी इतकी जाड की आत उष्णता कोंडून मांडीच्या हाडाजवळचं मांस आधी खराब होतं. म्हणून कातडी लगेच उतरवा, तंगड्या सुट्या करा, जाळीच्या सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगा. मादी असल्याचा पुरावा एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्यायचा असतो, सगळं स्वच्छ करण्याच्या नादात तो कापू नका, वाटेत तपासणी होते.

डोकं सीडब्ल्यूडीच्या (हरणवर्गातला मेंदूचा जीवघेणा रोग) चाचणीला द्या, त्या वर्षी तुमच्या युनिटला सक्तीची नसली तरी. निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा आणि पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. निगेटिव्ह आलं की मग काळ्या मसाल्यातलं सुकं. चरबी जवळजवळ नसते, तेव्हा तेलाला हात आखडता घेऊ नका. नळ्या फेकू नका, रस्सा त्यांचाच.

हो, आणि नारिंगी जॅकेट. पाचशे चौरस इंच, सगळ्या बाजूंनी दिसेल असं, वर टोपीही. नारिंगी कॅमो चालत नाही. गुलाबीही चालतं, आमच्या हिने तेच घेतलंय.

घाटमाथा:

सगळ्यांचे आभार. क्रेगच्या ऑफिसला फोन केला. तो डोळ्यात भरलेला तुकडा: आत जाणारी कच्ची वाट खासगी, सार्वजनिक हक्क नाही, आणि कोपऱ्याचा सर्व्हे कधीचा आहे ते जागेवर जाऊनच बघा म्हणाले. तो नाद तूर्त सोडला. त्याच्या वायव्येला काउंटी रोडला लागून एक लांबट पट्टा आहे, नकाशावर अगदी भिकार दिसतो, झाड नाही, नुसतं सेजब्रश. पण वर नॅशनल फॉरेस्ट आणि खाली कुरणं, कोलोरॅडोकर म्हणतात तसा मधला पट्टा. जूनमध्ये जाऊन बघणार. तिथली माती ओली झाली की गाडी रुतते असं क्रेगच्या ऑफिसवाल्यांनीच सांगितलं, त्यामुळे चाकांना लावायच्या चेन घेतोय.

अर्जात पहिली पसंती रँचिंग फॉर वाइल्डलाइफची मादी, दुसरी हे युनिट, ओ-वाला कोड. दोनदा तपासला.

मेहुणा रिकाम्या हाताने यायला तयार आहे. डेन्व्हर किंवा फोर्ट कॉलिन्स भागात कुणाकडे ओझं वाहायची जास्तीची पॅक फ्रेम असेल तर आठवडाभरासाठी द्याल का? भाडं मांसात.