काकांचा मंगळ, आत्याची झाडं

वसंतकाका: *येत्या २७ ऑगस्टला रात्री मंगळ चंद्राएवढा मोठा दिसणार!! यानंतर थेट २२८७ साली! सर्वांना कळवा 🙏*

नेहा: काका, हा मंगळ दर ऑगस्टला येतो. गेल्या वर्षीही तुम्हीच आणला होता 😄

वसंतकाका: म्हणजे खोटं का? इतकी वर्षं फिरतंय की.

नेहा: अर्धं खरं आहे, तीच तर गंमत. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरंच जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. जवळजवळ ६० हजार वर्षांत एवढा जवळ आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की, ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघितलात तर मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. पुढे पाठवता पाठवता कुणीतरी दुर्बीणच गाळली.

सुनीलदादा: आणि सालही.

शुभाआत्या: वसंता, तू खुर्ची घेऊन गच्चीत बसला होतास ना रे?

वसंतकाका: बसलो होतो. एक लालसर ठिपका दिसला. म्हटलं, मोठा व्हायला अजून वेळ असेल.

शुभाआत्या: 😂😂 आता मला माझं पाठवायची भीती वाटतेय. मी वाचलं की आपल्या आकाशगंगेत जेवढे तारे आहेत, त्याहून पृथ्वीवर झाडं जास्त आहेत.

आदित्य: आत्या, ही तर सरळ थाप.

नेहा: थांबा, बघते.

नेहा: आत्या जिंकली! ‘नेचर’मध्ये २०१५ साली शोधनिबंध आलाय. झाडं सुमारे ३ लाख कोटी. आकाशगंगेतले तारे १० हजार ते ४० हजार कोटी धरतात.

वसंतकाका: एवढी झाडं मोजली कुणी?

नेहा: एकेक नाही मोजली. जगभरात ४ लाखांहून जास्त ठिकाणी जमिनीवर झालेल्या मोजण्या घेतल्या आणि उपग्रहांच्या माहितीशी जुळवल्या. झाड कशाला म्हणायचं तेही आधी ठरवलं: छातीच्या उंचीवर खोड किमान १० सेंटीमीटर जाड हवं. त्याआधीचा अंदाज होता फक्त ४० हजार कोटी.

शुभाआत्या: त्यातच पुढे आहे की माणसाची संस्कृती सुरू झाल्यापासून ४६ टक्के झाडं कमी झाली. दरवर्षी १५०० कोटींहून जास्त तुटतात. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

सुनीलदादा: आजपासून जे पाठवाल त्याची लिंक द्यायची. ॲडमिन म्हणून सांगतोय.

शुभाआत्या: नुसती निळी लिंक आली की मी उघडतच नाही. तुम्हाला त्यात काय आवडलं ते दोन ओळींत लिहा, मग बघेन. आणि स्वतः शेवटपर्यंत वाचलं असेल तरच.

आदित्य: मग ग्रुप बंदच पडेल 😛

वसंतकाका: घ्या, नियमाप्रमाणे. लिंक आधी टाकली आहे. १४ फेब्रुवारी १९९० ला व्हॉयेजर १ यानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून काढलेला पृथ्वीचा फोटो. पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान आली आहे. मला धूळ वाटली, मी अंगठ्याने स्क्रीन पुसली. हे काढून झाल्यावर थोड्याच वेळात यानाचे कॅमेरे कायमचे बंद केले. शेवटपर्यंत वाचलं आहे.

आदित्य: काका, त्या पट्ट्या कसल्या?

वसंतकाका: सूर्याचा प्रकाश कॅमेऱ्यात विखुरला, त्याच्या.

आदित्य: झूम करून करून थकलो. पृथ्वी कुठाय?

वसंतकाका: उजवीकडच्या पट्टीत, साधारण अर्ध्यावर.

आदित्य: सापडली!

शुभाआत्या: मीसुद्धा पुसली रे स्क्रीन.