या ॲनिमेशनचा मूळ कलाकार कसा शोधायचा?

मदत हवी आहे. राजारामपुरीतल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर ८ सेकंदांचं एक ॲनिमेशन आलंय. कागदाच्या घडीचा हत्ती सोंडेनं स्वतःलाच उलगडतो आणि परत घडी होऊन उभा राहतो. शेवट सुरुवातीला इतका बेमालूम जुळलाय की सांधा सापडत नाही! गणेशोत्सवात पडद्यावर दाखवायचंय, पण कलाकाराला विचारून आणि त्याचं नाव देऊनच.

पाच फ्रेम काढून गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या सेवांवर टाकल्या, टिनआयवर सर्वांत जुनी प्रत आधी दिसेल असे निकाल लावूनही पाहिलं. पिंटरेस्टवरच्या बिननावाच्या प्रती तेवढ्या मिळाल्या. कडा कुणीतरी कापल्यात, त्यामुळे सही असलीच तर गेली. पाठवणाऱ्यालाही फॉरवर्डच आलं होतं.

एक अंदाज: जीआयएफच्या एका फ्रेममध्ये साधारण २५६ रंगच मावतात, इथे मागच्या आकाशाच्या छटा अगदी सलग आहेत. म्हणजे मूळ व्हिडिओच असावा, म्हणून व्हिमिओ (व्हिडिओंची साइट) आणि बिहान्सवर (कलाकार आपलं काम मांडतात ती साइट) 'ओरिगामी एलिफंट लूप' इंग्रजीत शोधलं. तिथेही नाही.

पैसे भरून घ्यायची सेवा नको. स्थिर चित्राऐवजी अख्ख्या क्लिपवरून शोधता येतं का? नाहीतर असे लूप (शेवट सुरुवातीला जुळून सतत फिरणारी ॲनिमेशनं) करणारे कलाकार कोणत्या हॅशटॅगखाली काम टाकतात?