गावाशी बरोबरीची भागीदारी: कॉलेजातल्या सहअध्ययन गटांनी काही फरक पडेल का?

मांडवीकाठ (धागाकर्ता)
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर समाज-सहभागाचा 2 क्रेडिटचा कोर्स आला. 30 तास, त्यातला निदान अर्धा वेळ गावात. 2014 पासून कॉलेजांना गावांशी जोडणारं केंद्राचं उन्नत भारत अभियान आहे, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) तर 1969 पासूनच. गावात जायची कामं वाढली, पण गावाशी बरोबरीनं वागायचं कसं हे ना प्राध्यापकाला कुणी शिकवलं, ना लिपिकाला.

माझा प्रस्ताव असा. गोव्यातल्या तीन-चार कॉलेजांनी मिळून 6 ते 8 जणांचा सहअध्ययन गट करावा, महिन्यातून एकदा दोन तास बसावं. एका बैठकीत एकाचंच चालू काम घ्यायचं. त्यानं 10 मिनिटं मांडायचं, 10 मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न, मग अर्धा-पाऊण तास त्याला विचारात पाडणारे प्रश्न. सल्ला द्यायला बंदी. रेग रेव्हन्स यांच्या ॲक्शन लर्निंगचीच, म्हणजे चालू कामावर प्रश्न विचारत शिकण्याचीच ही रीत. उठण्याआधी त्यानं एक कृती लिहून द्यायची. पुढची बैठक त्या कृतीचं काय झालं इथून सुरू. पीपीटी नाही, पाहुणे वक्ते नाहीत, समई नाही.

खाजनराखण
सहमत नाही. भागीदारी गावाशी, आणि शिकायला बसणार फक्त कॉलेजवाले?

एक खाजन घ्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतजमीन. जमीन बहुधा कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था), कसणारी कुळं, बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) सांभाळणारा कूळ संघ, आणि मानशीवरच्या मासळीचा लिलाव घेतलेला वेगळाच माणूस. लिलाववाल्याला खारं पाणी जास्त दिवस आत हवं, कुळाला ते वेळेत बाहेर हवं. कॉलेज जाऊन पंचायतीबरोबर एमओयू करतं आणि 'गावाशी करार झाला' म्हणतं! या भांडणात आपण कुणाच्या बाजूला जाऊन बसलो हे त्या सहा प्राध्यापकांना पणजीच्या खोलीत एकमेकांना प्रश्न विचारून कळणार नाही. वर गावाची भानगड गावाच्या पाठीमागे चघळली जाईल ते वेगळंच.

मांडवीकाठ
तुमचंच उदाहरण घेतो. गटातला पहिला प्रश्न हाच असायला हवा: 'करारावर सही कुणाची, आणि ज्याची नाही त्याचं काय जातं?' असा प्रश्न विभागाच्या बैठकीत कुणी विचारत नाही, कारण तिथे अहवालाची तारीख डोक्यावर असते. गावातली माणसं पहिल्या दिवसापासून समोर बसली तर प्राध्यापक आपलं अज्ञान झाकतो, उगाच गोड बोलतो. म्हणून दोन बैठका आपापसात, तिसरी गावात. चर्चेत नावं घ्यायची नाहीत, टिपणात फक्त ठरलेली कृती.

हिशेबनीस
दोघंही पैशावर बोलत नाही आहात. बरोबरी मोडते ती व्हाउचरवर.

बाहेरच्या तज्ज्ञाला मानधन द्यायचं शीर्षक अंदाजपत्रकात असतं. मानस बांधणाऱ्या जाणकाराला दिवसभर थांबवून माहिती घेतली, तर त्याला कुठल्या शीर्षकाखाली द्यायचं? मग 'किरकोळ'मध्ये चहापाणी दाखवतात, नाहीतर शाल-श्रीफळ. वर पॅन, रद्द केलेला चेक, पासबुकाची प्रत मागायची आणि पैसे काम झाल्यावर कधीतरी, मार्चअखेरीच्या गडबडीत. उपाय प्रस्ताव लिहितानाच करावा लागतो: 'स्थानिक ज्ञानधारक मानधन' अशी वेगळी ओळ, दर ठरलेला, प्रवासखर्च वेगळा. निधी मंजूर झाल्यावर ती ओळ घुसवता येत नाही. शीर्षक बदलायला पुन्हा मंजुरी लागते. गटात लेखा शाखेचं माणूस नसेल तर तुमची ती 'कृती' कागदावरच राहील.

तासिका_तत्त्व
आणि बसणार कोण? गावात विद्यार्थ्यांना घेऊन जाणारे बरेच जण लेक्चर बेसिसवर. तासाचे पैसे मिळतात, गटात बसण्याचे मिळत नाहीत. कायम नोकरीवाल्यांना निदान सीएएसच्या (बढतीच्या) फायलीत एक कागद लागतो. त्यात त्याच गटात विभागप्रमुख असले तर खालचा माणूस 'आमच्या विभागानं गावाला अहवालच दिला नाही' असं म्हणेल का? एका विभागाचे दोघं एका गटात नकोत, आणि या दोन तासांचा मोबदला प्राचार्यांनी लेखी मान्य करावा. नाहीतर हा गट म्हणजे आणखी एक फुकटची समिती.

मांडवीकाठ
दोन्ही अटी मान्य. लेखा शाखेचं माणूस दर वेळी नको. कृती ठरते त्या शेवटच्या अर्ध्या तासाला हवं.

हिशेबनीस
शेवटी बोलावलं की आम्ही 'नियमात बसत नाही' एवढंच सांगणार. सुरुवातीपासून ऐकलं तर नियमात कसं बसवायचं ते सुचतं.

खाजनराखण
पैसा, मोबदला ठीक. पण वेळापत्रक कुणाचं? पेरणी जूनमध्ये, कॉलेजही तेव्हाच उघडतं. कापणी ऑक्टोबरच्या आसपास, तेव्हा सत्र परीक्षा. बांधाची डागडुजी पावसाआधी, तेव्हा तुमची सुट्टी. म्हणून टीम जाते ती प्रकल्प जमा करायच्या आधी. कोरड्या महिन्यांत मातीची क्षारता मोजली तर ती जास्तच येणार. पावसानं मीठ धुवून निघतं आणि त्यावरच कोरगूट (खारं सोसणारा भात) पिकतो, हे कुठलंही कूळ सांगेल. एकाच मोसमाच्या नमुन्यावर 'जमीन लागवडीस अयोग्य' असं छापून आलं की जमीन भरून टाकायला टपलेल्यांच्या हाती आयताच कागद. तो कागद छापण्याआधी गावाला अडवता आला पाहिजे. तुमच्या गटात तो अधिकार कुठे आहे?

सत्तरी_वाट
त्याला एक वाट आहे. जैवविविधता कायद्याखाली (2002) पंचायत पातळीवर व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवहीही. औषधी वनस्पतींच्या कामात वैदूची माहिती प्रबंधात जाण्याआधी मसुदा त्या समितीपुढे, कोकणी किंवा मराठीत, 30 दिवस ठेवायचा, असं कलम करारात घालता येतं. हरकत आली तर तो भाग वगळायचा, हेही तिथेच लिहायचं. संमतीपत्र इंग्रजीत आणि सही पंचायतीच्या शिक्क्यावर, हे बंद. खाजनासाठी मसुदा कूळ संघापुढे ठेवा. गटानं वर्षभरात एवढा एक करारनमुना जरी तयार केला, तरी मी त्याच्या बाजूनं.

खाजनराखण
कलम चांगलं आहे. पण नमुना आधी कूळ संघात वाचून दाखवा, गटात नंतर. आणि वगळलेला भाग विद्यार्थ्याच्या वहीत, लॅपटॉपवर राहतोच, त्याचं काय करायचं तेही लिहा.

तासिका_तत्त्व
30 दिवस थांबायचं तर सत्राच्या मुदतीत गुण कसे द्यायचे? गुण मसुद्यावर, प्रकाशन समितीच्या होकारानंतर, असं वेगळं करावं लागेल. त्याला अभ्यास मंडळाची मान्यता लागेल, म्हणजे यंदा नाहीच.