ऑलिब्रियसचा बाप कोण? अनिकी घराण्याच्या वंशावळीवरून वाद

ताम्रपट: ‘४७२मध्ये काही महिने रोमचा सम्राट राहिलेला ऑलिब्रियस हा ३७१चा कॉन्सल (रोममधील सर्वोच्च मानाचे, वर्षभराचे पद) पेट्रोनियस प्रोबस याचा निश्चित पणतू होता, नावच तसे सांगते,’ हे वंशवेल यांच्या वंशावळीच्या तक्त्यातील विधान वाचून राहवले नाही. ऑलिब्रियसच्या पित्याचे नाव कोणताही समकालीन लेखक देत नाही. मग ‘निश्चित’ कशाच्या जोरावर?

वंशवेल: नावांच्या जोरावरच. प्रोबसचा मुलगा ऑलिब्रियस ३९५मध्ये भाऊ प्रोबिनससह कॉन्सल झाला आणि त्याच्या पत्नीचे नाव अनिकिया ज्युलियाना होते. सम्राटाच्या मुलीचे नावही तेच. एवढी नावे उगाच जुळत नाहीत. तुमची कसोटी लावली, तर त्या काळातील निम्मी सेनेटर घराणी कागदावरून पुसावी लागतील.

ताम्रपट: नावे जुळतात, पण ती बापाकडून आली की आईकडून? प्रोबसचा पिता प्रोबिनस आणि आजोबा प्रोबियानस हे पेट्रोनियस कुळाचे. तरीही रोममधील शिलालेख प्रोबसला ‘अनिकी घराण्याचे शिखर’ म्हणतो; अनिकी हे तर दुसरेच बडे घराणे. त्याच्या मुलांनी लावलेले अनिकियस हे नाव त्याची पत्नी अनिकिया फाल्टोनिया प्रोबा हिच्या माहेरचे होते.

माजघर: नेमके हेच दुखणे आहे! आमच्या कुलवृत्तांतासाठी मी अकरा वर्षे खपले. माझ्या पणजीच्या पिढीपुढे ‘कन्या ३’ एवढेच छापलेले; नावे नाहीत, सासर नाही. संपादकांना विचारले तर म्हणाले, मुलींनी वंश चालत नाही. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मात्र सम्राट ऑलिब्रियसची मुलगी अनिकिया ज्युलियाना हिने बांधलेल्या संत पॉलिएक्टसच्या चर्चमधील शिलालेखात पणजी युडोशियाचा गौरव आहे. युडोशिया, तिची मुलगी युडोक्सिया, तिची प्लासिडिया आणि तिची ज्युलियाना: चार पिढ्यांची पक्की साखळी, आणि सगळ्या बायका. तुम्ही दोघे मात्र अजून बापच शोधत आहात.

वंशवेल: बायकांना मी वगळले, हा आरोप अन्यायाचा आहे. माझ्या तक्त्यात प्लासिडिया आहे.

माजघर: आहे, पण ‘ऑलिब्रियसची पत्नी’ म्हणून, कंसात. सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या त्या मुलीमुळेच सिंहासनाशी ऑलिब्रियसचे नाते जडले होते.

ताम्रपट: हे मला आधीच सुचायला हवे होते, ते मान्य करतो. तरीही वंशवेल यांनी मूळ प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही.

वंशवेल: ‘निश्चित’ मागे घेतो आणि ‘बहुधा’ लिहितो. प्लासिडियाचा कंस काढतो. प्रोबसपासून ऑलिब्रियसपर्यंतची रेषा ठिपक्यांची करतो, पण ती पुसणार नाही.