'रेन मॅन': रेमंडला परत पाठवणं बरोबर होतं का? (शेवट फोडलाय)

पिटातला:
1988 चा 'रेन मॅन'. बाप चार्लीला (टॉम क्रूझ) 1949 ची ब्यूक आणि गुलाबाची झाडं ठेवतो. तीस लाख डॉलर जातात रेमंडच्या (डस्टिन हॉफमन) नावे, ट्रस्टमध्ये. हा स्वमग्न (ऑटिस्टिक) थोरला भाऊ आहे हेच चार्लीला ठाऊक नसतं. तो त्याला सिनसिनाटीच्या वॉलब्रुक संस्थेतून परस्पर लॉस एंजेलिसला नेतो. शेवटी रेमंड आगगाडीनं परत. हा शेवट पळपुटा वाटतो. फिश फिंगर आठच लागतात, ताटात चार आले, तर अर्धे करून आठ करायचे, इतकं चार्लीला जमलेलं असतं!

कडूकारलं:
साफ असहमत. टोस्टरचा धूर होऊन अलार्म वाजतो तेव्हा रेमंडची काय अवस्था होते ते बघा. आवाज सहन होत नाही, दार उघडून बाहेर पडणं सुचत नाही. चार्ली कामावर गेला की दिवसभर जवळ कोण? फिश फिंगर कापून ते सुटत नाही.

पिटातला:
मग दिवसा मदतनीस ठेवा. संस्था नाहीतर एकटा चार्ली, एवढेच दोन पर्याय पटकथेनं ठेवले.

तळटीप:
खरी गोची मानसोपचारतज्ज्ञाच्या प्रश्नात आहे. 'चार्लीजवळ राहायचं?' 'हो.' 'वॉलब्रुकला जायचं?' 'हो.' झाला निकाल! ज्याला सवयीनं 'हो' म्हणायचं असतं, त्याला हो-नाही प्रश्न घालायचाच नाही. दोन्ही घरांची चित्रं समोर ठेवा, बोट दाखवू द्या. मग डावं-उजवं बदलून पुन्हा, आणखी एकदा दुसऱ्या दिवशी. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते त्याचं.

कडूकारलं:
हे मान्य. पण तिन्ही वेळा बोट वॉलब्रुककडे गेलं तर?

तळटीप:
तर जाऊ द्यायचं. आणि रेमंडनं जमिनीवर सांडलेल्या दात कोरायच्या 246 काड्या क्षणात मोजणं हे स्वमग्नतेचं लक्षण समजू नका. अशी अचाट कौशल्यं ढोबळमानानं दहा स्वमग्नांत एकाकडे. ज्याच्यावरून पात्र सुचलं तो किम पीक तर स्वमग्न नव्हताच. त्याच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता.

पिटातला:
काड्या सोडा. स्टेशनवर चार्ली म्हणतो, दोन आठवड्यांनी येतो. रेमंड लगेच सेकंदांत सांगतो: 12,09,600. पंधराव्या दिवशी चार्ली तिथे उभा होता का, ते दाखवायला हवं होतं. तिथेच श्रेयनामावली सुरू!