ऑटिझम असलेल्या मुलाला स्वतः कपडे घालायला कसे शिकवावे?

प्रश्न (पालक, नाशिक):
माझा मुलगा पाच वर्षांचा असून त्याला ऑटिझम आहे. एका केंद्राने एबीए, म्हणजेच अप्लाइड बिहेव्हिअर अॅनालिसिस (कौशल्ये लहान टप्प्यांत आणि बक्षिसांच्या मदतीने शिकवणारी थेरपी), आठवड्याला 40 तास सुचवले आहे. शाळा आणि स्पीच थेरपी सांभाळून इतके तास देणे आम्हाला शक्य नाही. त्याने स्वतःची चड्डी स्वतः घालावी, एवढीच माझी सध्याची अपेक्षा आहे. समोर बसून दाखवले तर तो पाहत नाही आणि हात धरला की ओरडतो.

उत्तर १ (विशेष शिक्षिका):
ताई, या कामाचे लहान टप्पे पाडा आणि शिकवणे शेवटच्या टप्प्यापासून सुरू करा. सैल इलॅस्टिकची चड्डी तुम्हीच गुडघ्यांच्या वरपर्यंत चढवा आणि कमरेपर्यंत ओढण्याचे काम त्याच्यावर सोडा, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद प्रत्येक वेळी त्याच्याच वाट्याला येईल. ते जमले की गुडघ्यांपासून, नंतर घोट्यांपासून ओढू द्या. पाय घालणे सर्वांत शेवटी शिकवा. मदत समोरून न करता मागे उभे राहून करा आणि ती टप्प्याटप्प्याने काढून घ्या: आधी हातावर हात, मग कोपराला स्पर्श, मग नुसती खूण. मदत वेळेवर काढली नाही, तर मूल कौशल्याऐवजी मदतीची वाट पाहायला शिकते. चड्डी कमरेवर येताक्षणी त्याला मनापासून आवडणारी गोष्ट, उदाहरणार्थ साबणाचे फुगे, मिळू द्या. घरी जमले की आजीकडेही करून पाहा, कारण एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप येतेच असे नाही.

उत्तर २ (पालक, पुणे):
40 तासांचा आकडा मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या एबीएवरील 1987 च्या अभ्यासातून रूढ झाला. अमेरिकेतील त्या अभ्यासात चार वर्षांखालील 19 मुलांना इतकी तीव्र थेरपी दिली गेली आणि त्यांतील 9 मुले नेहमीच्या पहिलीच्या वर्गात गेली. परंतु थेरपी मिळालेल्या आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि मोठ्याने 'नाही' म्हणणे, मांडीवर चापट मारणे हेही त्या पद्धतीत होते, हे पालकांना क्वचितच सांगितले जाते. आज शिक्षेचा मार्ग बहुतेकांनी सोडला आहे. तरीही, डोळ्यांत पाहायला लावणे किंवा सतत हात हलवण्याची सवय थांबवणे यांवर खर्च झालेले तास आपल्याला केवळ 'नॉर्मल' दिसायला शिकवत होते, अशी तक्रार ऑटिझम असलेले अनेक प्रौढ आज करतात आणि ती मला रास्त वाटते. म्हणून केंद्राला तासांआधी उद्दिष्टे विचारा. चड्डी घालता येणे त्याच्या उपयोगाचे आहे. हात हलवणे थांबल्याने त्याला काय मिळणार?

प्रश्नकर्त्या पालक:
दोघांचेही आभार. मात्र तो ओरडतो तेव्हा थांबावे की नेटाने काम पूर्ण करून घ्यावे? 'थांबलात तर त्याला तशीच सवय लागेल', असे केंद्रात सांगतात.

उत्तर १ (विशेष शिक्षिका):
थांबावे. ओरडणे हे त्याचे सांगणेच आहे, आणि त्याला दुसरा मार्ग दिल्यास ओरडण्याची गरज कमी होते, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी 1985 मध्येच दाखवले होते. 'थांब' असे चित्रकार्ड कपाटाजवळ लावा आणि त्याने त्याला हात लावला की चड्डी गुडघ्यांवर असली तरी लगेच थांबा. सुरुवातीला तो कार्ड वारंवार वापरेल. ते चालू द्या. शिवाय चड्डीची आतली शिवण आणि लेबल तपासा. ते टोचत असेल, तर आधी कपडा बदलायला हवा.