तेलाच्या थेंबाभोवतीचा प्रवाह पीआयव्हीने मोजताना चकाकी येते, काय करावं?

लेझरवाली
नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी अ‍ॅक्रिलिकच्या गोल नळीत पाणी भरून खालच्या नोझलमधून सिलिकॉन तेलाचे (चिकटपणा ५० सेंटिस्टोक) थेंब सोडतेय. थेंबाभोवती पाणी कसं वाहतं ते पीआयव्हीने (पाण्यात बारीक कण सोडून लेझरच्या उजेडात लागोपाठ फोटो काढायचे आणि कण किती सरकले त्यावरून वेग काढायचा) काढायचंय. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, त्याच्या प्रकाशाची पातळ शीट, पाण्यात काचेचे पोकळ कण. नुसत्या पाण्यात सगळं झकास चालतं. थेंब आला की त्याची कड इतकी चकाकते की चित्र पांढरंफटक, आणि लेझरच्या पलीकडे काळी सावली. पॉवर कमी केली तर कणच दिसत नाहीत. गाईड म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये मास्क लाव, म्हणजे तेवढा भाग झाकून मोजणीतून वगळ. पण मला नेमका तिथलाच वेग हवाय ना!

कोपऱ्यातला_दिवा
थेंब किती वेगाने चढतो आणि आकार कसा बदलतो एवढंच हवं असेल तर लेझर गुंडाळून ठेवा. मागे एलईडी पॅनेल, त्यापुढे ट्रेसिंग पेपर, समोर हायस्पीड कॅमेरा. थेंबाची सावली स्वच्छ मिळते, ती इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. स्वस्तात काम.

अपवर्तनकाका
त्यांना पाण्याचा वेग हवाय हो, थेंबाचा नाही.

ताई, आधी एक ठरवा: फक्त थेंबाबाहेरचं बघायचंय की आतली भोवरेबाजीसुद्धा? कारण खर्च आणि कटकट दोन्ही त्यावर.

फक्त बाहेरचं हवं असेल तर काचेचे कण सोडा, ऱ्होडामिन या चमकणाऱ्या रंगाचा लेप असलेले कण घ्या. त्यांच्यावर हिरवा लेझर पडला की ते नारिंगी उजळतात. कॅमेऱ्यापुढे लाँगपास फिल्टर (फक्त जास्त तरंगलांबीचा प्रकाश सोडणारा) लावला की हिरवं सगळं अडतं. चकाकी हिरवीच असते, ती गेली. हे कण महाग असतात, त्यामुळे सगळी टाकी रंगवत बसू नका, ३२ पिक्सेलच्या खिडकीत (सॉफ्टवेअर वेग काढायला चित्राचे जे छोटे चौकोन पाडतं त्यात) आठ-दहा कण आले की पुरे. दोन फ्रेममधला वेळ असा ठेवा की कण आठ पिक्सेलच्या आतच सरकेल. सावलीसाठी शीट दोन्ही बाजूंनी आणा, आरसा लावून परत फिरवली तरी चालते. तरी एक राहतंच: कडेला अगदी लागून असलेल्या कणांचं थेंबात प्रतिबिंब पडतं, ते खरे कण समजून सॉफ्टवेअर फसतं. तेवढ्या पट्टीला मात्र मास्क लावा, गाईडही खूश.

आतलंही हवं असेल तर दोन्ही द्रवांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) जुळवण्याला पर्याय नाही. पाणी १.३३, तुमचं तेल १.४० च्या आसपास. पाण्यात वजनाने निम्म्याच्या जरा वर ग्लिसरीन मिसळलं की तेही तिथे येतं. मग थेंब अक्षरशः गायब होतो, आणि आत-बाहेर दोन्हीकडचे कण वाकडे न होता दिसतात. थेंबाची कडच हरवली, म्हणून पाण्यात ऱ्होडामिन अगदी चिमूटभर टाकायचं. बाहेरचा भाग करडा, थेंब काळा, कण ठळक. जास्त टाकलंत तर कण त्यात बुडतील.

आणि गोल नळी आहे ना? तिच्याभोवती चौकोनी अ‍ॅक्रिलिक पेटी बसवून तेच द्रव भरा. नाहीतर वक्र भिंतच कॅमेऱ्याला फसवते.

लेझरवाली
काका, पण ग्लिसरीन घातलं तर पाणी घट्ट होणार. मग तो माझा प्रयोग राहिला कुठे?

अपवर्तनकाका
बरोबर पकडलंत. निम्म्या ग्लिसरीनला २० अंशांवर पाण्याच्या सहापट चिकटपणा येतो. घनताही साधारण १.१३ होते, तेल ०.९६ वरच. म्हणजे थेंबाला वर ढकलणारा घनतेतला फरक चौपटीवर जातो. त्यामुळे मिलिमीटर आणि सेकंदांची तुलना करू नका, रेनॉल्ड्स (जडत्व विरुद्ध चिकटपणा) आणि एटव्हॉश (घनतेतल्या फरकाचा जोर विरुद्ध पृष्ठताण) हे एककाविना आकडे काढून त्यांवर निकाल मांडा. ते पटत नसेल तर पाण्यातच राहा आणि पहिला मार्ग धरा.

पिपेटवाली
जुळवायचंच ठरलं तर तापमान सांभाळा. तेलाचा अपवर्तनांक तापल्यावर मिश्रणापेक्षा भराभर उतरतो. सकाळी गायब असलेला थेंब दुपारी एसी बंद झाल्यावर पुन्हा कडा दाखवतो. आणि अपवर्तनांक मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बहुतेक ५८९ नॅनोमीटरचा आकडा देतो, तुमचा लेझर ५३२ चा. त्यावर पहिला अंदाज बांधा, मग नळीमागे जाळीचा कागद धरून थेंबाआडच्या रेघा सरळ दिसेपर्यंत ग्लिसरीन थोडं थोडं वाढवा. चष्मा हिरव्या लेझरचाच आहे ना, तेही बघा. लाल लेझरचा इथे कामाचा नाही.

लेझरवाली
मला बाहेरचंच हवंय. नारिंगी कण मागवते, आरसा लॅबमध्ये पडलाय. गाईडना पट्टीपुरता मास्क सांगून बघते.